आपल्या टीव्हीची किंमत

जुन्या टीव्हीला आज काय किंमत येते? आमच्या एकाच टीव्हीबद्दल गेल्या काही वर्षांत मला या प्रश्नाची चार उत्तरं मिळाली. पाच लाख रुपये, दीडशे रुपये, आठ हजार रुपये, आणि चौथं उत्तर आईचं: "विकायला काढलाय कुणी?" उत्तर देणारे सगळे आपापल्या जागी शहाणे होते. प्रत्येकाने त्याच लाकडी पेटीकडे पाहून आपला हिशेब सांगितला. एकाच वस्तूच्या किमतीत इतकं अंतर का पडावं, ते हे हिशेब शेजारी शेजारी मांडल्यावर कळेल असं वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

टीव्ही भिलाईतला. कृष्णधवल, वीस इंची, लाकडी कॅबिनेटचा, चार तिरक्या पायांवर उभा. समोर लाकडी पट्ट्यांचं सरकतं शटर आणि त्याला कुलूप. उजव्या बाजूला चॅनेलचं खटखट वाजत फिरणारं बटण, त्याखाली आवाजाचं आणि उजेडाचं. कंपनीच्या नावाची पितळी पट्टी मी शाळेत असतानाच निघून पडली आणि तिच्या जागी दोन बारीक भोकं राहिली. त्यामुळे घरात त्याला कंपनीच्या नावाने कुणी ओळखलं नाही. तो 'आपला टीव्ही'.

बाबा मूळचे अमरावतीचे. 1962 साली भिलाई पोलाद कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत रेल मिलमध्ये राहिले. सोव्हिएत रशियाशी या कारखान्याचा करार झाला 1955 साली. पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. धानाच्या शेतांमध्ये उभा राहिलेला कारखाना आणि त्याच्या कडेने आखून वसवलेले सेक्टर. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली. आमच्या ब्लॉकमध्ये खाली मल्याळी, शेजारी बंगाली, वर तेलुगू आणि समोर सरदारजींचं कुटुंब. भिलाईचे लोक आपल्या गावाला 'मिनी भारत' म्हणतात ते ऐकायला भाषणातलं वाटतं, पण आमच्या जिन्यात फोडणीच्या वासावरून कोणत्या मजल्यावर आलो ते कळायचं.

या मुलखात टीव्ही शहरांच्या आधी खेड्यांत आला, हे आज सांगितलं तर पटत नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष भारतात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह त्या वर्षापुरता भारताच्या वाट्याला आला, इस्रोने जमिनीवरची व्यवस्था केली आणि सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही बसवले गेले. मध्य प्रदेशातली गावं रायपूरच्या आसपासची, म्हणजे आजच्या छत्तीसगढमधली निवडली होती. संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेले. सोबत तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री. वीज नव्हती अशा काही ठिकाणी संच बॅटरीवर चालायचे. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी सगळ्या गावासाठी: शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, मधूनच नाचगाणी. असाच एक संच इस्रोने कोलंबोत आर्थर सी. क्लार्क यांच्या घरीही बसवून दिला होता, कारण उपग्रहाद्वारे प्रक्षेपणाची कल्पना त्यांनी 1945 सालीच मांडली होती. तेव्हा कोलंबोतला जगप्रसिद्ध लेखक आणि रायपूरजवळच्या खेड्यातली शेतावरून परतलेली माणसं एकाच उपग्रहाकडून चित्रं घेत होती आणि मध्येच असलेल्या भिलाईचे इंजिनियर घरी रेडिओ ऐकत होते.

वर्ष संपलं, उपग्रह ज्याचा त्याने परत नेला. त्यानंतर 1977 साली रायपूरला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र आलं. भिलाई तिथून तीसेक किलोमीटर. गच्चीवर उंच पाइप रोवून अँटेना पूर्वेकडे वळवला की चित्र यायचं. बाबांनी 1978 साली पतपेढीचं कर्ज काढून टीव्ही घेतला. चार महिन्यांचा पगार त्यात गेला. आई आठवडाभर बाबांशी बोलली नव्हती, असं ती स्वतःच सांगते.

रायपूर केंद्राचे कार्यक्रम साइटच्याच वळणाचे, मुख्यतः खेड्यांसाठी. त्यामुळे सेक्टरमधले फिटर, क्रेनचालक आणि इंजिनियर संध्याकाळी चहाचा कप घेऊन धानावरच्या किडीबद्दल ऐकत बसायचे. बाबांना युरियाचं प्रमाण पाठ झालं होतं. आमच्याकडे एक कुंडी होती, तुळशीची. नागपूरचे काका उन्हाळ्यात आले की टीव्हीसमोरून उठायचे नाहीत. नागपूरकरांना टीव्हीसाठी ऐंशीच्या दशकाची वाट पाहावी लागली, मुंबईला तो 1972 पासून होता आणि आम्ही जंगलातले म्हणून ओळखले जाणारे भिलाईवाले मधल्या मध्ये पुढे निघून गेलो होतो. काकांना हे खुपायचं. "तुमच्या टीव्हीत मराठी कुठंय?" असं म्हणून ते तो सल काढायचे.

ते खरंच होतं. आमचा टीव्ही हिंदी बोलायचा, छत्तीसगढी बोलायचा, आणि पुढे दिल्लीचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर बातम्यांत इंग्रजी. मराठी त्याला येत नव्हतं.

मग रविवारी दुपारी दूरदर्शन निरनिराळ्या भारतीय भाषांतले चित्रपट दाखवू लागलं. खाली इंग्रजी उपशीर्षकं. आज या रविवारांबद्दल बोलताना बहुतेक लोक जांभई देतात. संथ चित्रपट, उन्हाची वेळ, मोठी माणसं घोरत पडलेली. आमच्या ब्लॉकमध्ये मात्र त्याची एक रीतच पडून गेली होती. ज्या भाषेचा चित्रपट, ते घर त्या दिवशी यजमान. टीव्ही आमचा, खोली आमची, पण मल्याळी चित्रपट असला की खालच्या मावशी केळ्याचे काप घेऊन वर यायच्या आणि पाहुण्यांना बसवायचं काम त्या करायच्या. बंगाली असला की शेजारच्या काकू मध्येच उठून, "हे गाणं नाही, ही कविता आहे," असं बजावायच्या. आम्हां पोरांना उपशीर्षकं वाचता यायची नाहीत, इतक्या वेगाने ती जायची. म्हणून सरदारजींचा मोठा मुलगा, जो कॉलेजात होता, तो ती हिंदीत मोठ्याने सांगायचा. कधी कधी यजमान त्याला थांबवायचे: "तसं नाही म्हणाली ती." मग दोन मिनिटं चित्रपट बाजूला राहून ती नेमकं काय म्हणाली यावर चर्चा व्हायची.

वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी मराठीची पाळी यायची. त्या दिवशी आई सकाळपासून गडबडीत. पोहे किती करायचे, सतरंज्या कुठून आणायच्या. एरवी घरात कधी न नेसायची ती इरकल नेसायची. पडद्यावर मराठी ऐकू आली की तिचा चेहरा बदलायचा, हे मी लहान असूनही पाहिलं होतं. आणि चित्रपटात कुणी गावाकडची ठसकेबाज शिवी दिली आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला तिचा अर्थ विचारला, तर आई तिकडूनच म्हणायची, "त्यांना म्हणावं, ते भाषांतरात येत नाही." मी आज शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, भाषांतर करत नाही. तरी एखादा शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना काय सांडतं हे मला त्या खोलीत कळलं आणि ते नंतर कोणत्या पुस्तकाने याहून चांगलं शिकवलं नाही.

रंगीत टीव्ही देशात आला 1982 साली. आमच्याकडे आणखी दहाएक वर्षांनी. त्यानंतर केबल आली, घरोघरी आपापल्या भाषेची वाहिनी आली आणि ब्लॉकमधल्या प्रत्येक घराचं दार रविवारी दुपारी बंद राहू लागलं. यात कुणाची चूक नव्हती. ज्याला आपली भाषा रोज ऐकायला मिळते त्याने वर्षातून दोनदाच ती ऐकण्याची हौस कशी धरावी? जुना टीव्ही मागच्या खोलीत गेला, शटर बंद, वर शिवणाचं मशीन.

बाबा 2019 साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, लॉकडाऊनने सगळ्यांना ग्रासलेलं असताना, पाच लाखांचं उत्तर आलं.

माझा दादा भिलाईतच असतो. त्याचं छोटं वर्कशॉप आहे. त्या काळात काम जवळजवळ थांबलं होतं, दोन कामगारांचे पगार आणि बँकेचा हप्ता तेवढा चालू होता. एका रात्री त्याचा मला पुण्याला फोन आला. "आपला टीव्ही अजून आहे ना? शटरवाला?" कुणीतरी त्याला गाठलं होतं. जुन्या, शटरच्या, कृष्णधवल टीव्हीत काचेच्या छोट्या नळीत 'लाल पारा' असतो आणि त्याला लाखांनी भाव आहे, अशी बातमी मोबाइलवरून फिरत होती. व्हिडिओही होते. नळीजवळ लसूण नेला की पारा दूर पळतो, सोनं नेलं की जवळ येतो, आरशात त्याचं प्रतिबिंब दिसत नाही. गाठणारा म्हणाला होता, भिलाईचा टीव्ही असेल तर पाच लाखसुद्धा, कारण "रूसियों के टाइम का माल है".

लाल पारा नावाचा असा पदार्थ शास्त्राला ठाऊक नाही. पाऱ्याचं गंधकाशी होणारं लाल संयुग आहे, त्याला आपण हिंगूळ म्हणतो आणि तो रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याचा अणुबॉम्बशी काही संबंध नाही. सोव्हिएत संघ कोसळत असताना, नव्वदच्या दशकाच्या आगेमागे, रशियाच्या गुप्त कोठारातलं अण्वस्त्रांचं द्रव्य म्हणून 'लाल पारा' विकणारे ठग जगभर फिरत होते. 2009 साली सौदी अरेबियात तो जुन्या शिवणयंत्रांत असतो अशी अफवा उठली आणि लोकांनी आजीच्या काळातली यंत्रं वाटेल त्या किमतीला विकत घेतली. नंतर त्याच अफवेने आपल्याकडे जुन्या रेडिओत आणि टीव्हीत घर केलं. आमच्याकडे शिवणयंत्र टीव्हीच्या डोक्यावरच ठेवलेलं होतं. त्या हिशेबाने आम्ही कोट्यधीश व्हायला हवे होतो.

हे सगळं मी दादाला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण उघडून बघायला काय हरकत आहे?" त्याच्या आवाजात लोभ नव्हता, थकवा होता. खरेदीदार 'टेस्टिंग'साठी आधी अकरा हजार मागत होता आणि दादा ते कुठून आणायचे याचा विचार करत होता. मी त्याला म्हटलं, "पैसे देऊ नकोस. उघडायचाच तर तू उघड, मी व्हिडिओवर आहे. ट्यूबच्या मानेला धक्का लावू नकोस, आत पोकळी आहे, काच फुटली तर डोळ्यांत जाईल." चालू टीव्हीच्या ट्यूबला पंधरा-अठरा हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही भार काही काळ तिथेच राहतो, हेही सांगितलं. या टीव्हीला बंद होऊन वर्षं लोटली होती, तरी सांगितलं.

दादाने मागचं झाकण काढलं. आत धूळ, एका कोळ्याचं मोठं संस्थान, तांब्याच्या तारांचं यॉक आणि आमच्या लहानपणी हरवलेलं पत्त्यांतलं चौकटचं पान. लाल, निळी, कसलीही नळी नाही. दादा काही वेळ बोलला नाही. मग त्याने मोबाइल झाकणाच्या आतल्या बाजूकडे वळवला. तिथे पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा होत्या.

टीव्ही दुरुस्त करायला सुपेल्याहून एक मेकॅनिक यायचे. सायकलला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत सोल्डरिंगची कांडी. दर खेपेला काय केलं ते आतून लिहून ठेवायची त्यांची सवय होती, पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून. नऊ नोंदी होत्या, 1979 ते 1993. आम्ही दोघांनी त्या मोबाइलच्या दोन टोकांनी वाचल्या. "12-1-87, एलओटी बदली." म्हणजे रामायण सुरू व्हायच्या तेरा दिवस आधी. पहिला भाग लागला 25 जानेवारीला, आणि त्या सकाळी आमच्या खोलीत किती माणसं होती ते आईला अजून आठवतं, कारण चपला तिने मोजल्या होत्या. "2-11-84, फ्यूज, डायोड." ही तारीख वाचून दादा थांबला. इंदिरा गांधींची हत्या झाल्यानंतरचे ते दिवस. समोरचं सरदारजींचं कुटुंब तेव्हा आमच्याच घरात होतं. बाबांनी पुढचं दार आतून लावून घेतलं होतं आणि मेकॅनिक मागच्या दाराने आले होते. दिल्लीत काय चाललंय ते कळावं म्हणून बाबांना टीव्ही चालू हवा होता आणि पोरांनी ते पाहू नये म्हणून शटर अर्धं ओढलेलं होतं. आवाज यायचा, चित्र अर्धं दिसायचं.

दादाने झाकण परत लावलं. खरेदीदाराचा फोन त्याने नंतर उचलला नाही.

दीडशेचं आणि आठ हजारांचं उत्तर मिळालं ते आई क्वार्टर सोडून दादाकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा. सामानाच्या वाटण्या होत होत्या. कबाडी आला, त्याने टीव्हीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "दीदी, लकडी और ताँबे का डेढ़ सौ. काँच आप रख लो." काच कुणालाच का नको ते मला ठाऊक होतं. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ट्यूबमधून निघणारे क्ष-किरण अडवण्यासाठी ते घातलेलं असतं. नव्या ट्यूब बनत होत्या तोवर जुनी काच वितळवून त्यातच जायची. शेवटी शेवटी तर अमेरिकेतली जुनी काचसुद्धा गुजरातेत भरूचला यायची, कारण तशी भट्टी जगात फारशी कुठे उरली नव्हती. सपाट पडद्यांनी तेही संपवलं. आता ही काच वितळवायची तर शिसं वेगळं काढावं लागतं, त्याला खर्च येतो, आणि फोडून टाकावी तर ते मातीत उतरतं. ई-कचऱ्याचे नियम आहेत, अधिकृत केंद्रं आहेत. कबाडी मात्र तांबं ओढून घेतो आणि ट्यूब नाल्याकाठी ठेवून देतो. त्याच्या हिशेबात तो चुकत नव्हता. दीडशे रुपये ही त्या वस्तूची किंमत होती, विल्हेवाटीचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारल्यावर उरणारी.

आठ हजार मुंबईच्या एका गृहस्थांनी सांगितले. जुन्या वस्तू जमवून ते सिनेमा आणि मालिकांना भाड्याने देतात. मी पाठवलेले फोटो पाहून त्यांनी नेमके प्रश्न विचारले. शटर पूर्ण सरकतं का? पाय मूळचे आहेत का? बटणं सगळी आहेत का? नावाची पट्टी नाही म्हटल्यावर भाव दोन हजारांनी उतरला. टीव्ही चालतो का, हे मात्र विचारलं नाही. मीच विचारलं, तेव्हा हसून म्हणाले, "ताई, चालू नकोच. आम्ही ट्यूब काढून टाकतो आणि आत सपाट स्क्रीन बसवतो." जुन्या ट्यूबवरचं चित्र एकेका ओळीने रंगवलं जातं, सेकंदाला पंचवीस वेळा. सिनेमाचा कॅमेरा चोवीसच्या चालीने चालतो. दोघांची चाल जुळत नाही आणि पडद्यावर काळे पट्टे फिरताना दिसतात. म्हणून ऐंशीच्या दशकावरच्या मालिकेत आपल्याला जो जुना टीव्ही दिसतो, तो बहुतेक वेळा जुन्या कोटातला नवा माणूस असतो.

संग्रहाच्या बाजारात किंमत अशीच ठरते. वय, दुर्मिळता, रूप आणि मूळपण. युद्धापूर्वीचे ब्रिटिश-अमेरिकी संच सगळ्यांत वर. मग 1970 साली जपानी जेव्हीसीने काढलेल्या अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारख्या गोल संचासारखे देखणे नमुने. आपल्याकडच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कृष्णधवल संचांची या बाजारात मोठी पत नाही. ते अजून बऱ्याच घरांच्या माळ्यावर आहेत. साइटच्या 2400 संचांपैकी एखादा जाळीच्या छत्रीसकट निघाला तर गोष्ट वेगळी. माझ्या मते तो आपल्या देशातला सर्वांत मोलाचा टीव्ही ठरेल.

पण ट्यूब जपण्यामागे हौसेपलीकडचं कारणही असतं. काही खेळ, काही कलाकृती ट्यूबशिवाय चालतच नाहीत. जुन्या व्हिडिओ गेममधली बंदूक पडद्यावर सरकणाऱ्या किरणावर नेम धरते, सपाट पडद्यावर ती आंधळी होते. कोरियात नाम जून पाइक या कलावंताने 1988 साली 1003 टीव्हींचा मनोरा उभारला. संच म्हातारे झाले, धोका नको म्हणून 2018 साली तो बंद करावा लागला. जुन्या ट्यूब दुरुस्त करायच्या की सपाट पडदे लावायचे, यावर तिथल्या संग्रहालयाने बराच काळ विचार केला. शेवटी शक्य तितके जुने संच दुरुस्त केले, जिथे इलाज नव्हता तिथे नवे पडदे बसवले आणि 2022 साली मनोरा पुन्हा पेटवला. आमच्या मागच्या खोलीतला प्रश्न फार वेगळा नव्हता. आकडा तेवढा लहान.

आईला मी हे सगळे हिशेब सांगितले. ती मेथी निवडत होती. "विकायला काढलाय कुणी?" म्हणाली. मग थोड्या वेळाने: "चालतो का ते बघा आधी. नुसता ठेवायचा म्हणून मला नको. दादाच्या घरात जागा किती!"

चालवायचा तर दाखवायचा काय, ही पुढची अडचण. हवेतून येणारं दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण आता जवळजवळ संपलं आहे, मार्च 2022 पर्यंत देशातले मोजके सोडून सगळे तसले ट्रान्समीटर बंद झाले. अँटेना लावला तरी पडद्यावर मुंग्याच दिसणार. दादा सुपेल्याला गेला. त्या मेकॅनिकांचं दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो, पण मोबाइलच्या काचा बदलण्याचं. तरीही तो घरी आला. झाकण उघडलं आणि वडिलांचं अक्षर पाहून खाली बसला. त्याच्याकडे त्यांच्या हातचं लिहिलेलं फारसं काही नव्हतं, हे नंतर त्यानेच सांगितलं. दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. ट्यूनर साफ केला. ट्यूब, आश्चर्य म्हणजे, शाबूत होती. "आजकल का पैनल गया तो गया," तो म्हणाला. "इसमें सब खुलता है." दादाच्या घरातला मोठा एलईडी टीव्ही चौथ्या वर्षी गेला तेव्हा, दुरुस्तीला जितके लागतील तितक्यात नवा येईल असं सांगितलं गेलं होतं. या म्हाताऱ्याने नऊ दुरुस्त्या पचवल्या होत्या आणि ही दहावी.

फ्री डिशचा डबा आणि जुना संच यांची भाषा एक नाही. डब्यातून चित्र आणि आवाज वेगवेगळ्या तारांनी येतात, आणि आमच्या टीव्हीला फक्त अँटेनाचं तोंड. मधे एक दुभाषा लागतो, त्याला आरएफ मॉड्युलेटर म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तो डब्याकडून आलेलं सगळं जुन्या केंद्राच्या लहरींसारखं करून अँटेनाच्या तोंडात घालतो. संचाला वाटतं, रायपूरच बोलतंय. बटण खटखट फिरवत गेल्यावर एका घरावर चित्र स्थिरावलं. दादाने सह्याद्री वाहिनी लावली होती. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच आमचा टीव्ही रोजच्या सारखं मराठी बोलू लागला. एक बाई भरली वांगी करून दाखवत होत्या. रंग नसल्याने वांगी आणि मसाला एकाच राखाडीत मिसळले होते. आई म्हणाली, "दाण्याचं कूट जास्त घातलंय हिने," आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

मी तेव्हा भिलाईतच होते. खालच्या मल्याळी मावशी आता मुलाकडे राहतात, बंगाली काकू गेल्या, सरदारजींचा तो कॉलेजातला मुलगा साठीला आला. आईने त्याला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, दहा मिनिटं पाहिलं आणि सवयीने विचारलं, "आंटी, नीचे लिखा हुआ क्यों नहीं आ रहा?"

मेकॅनिकच्या मुलाने झाकण बसवण्याआधी खिसे चाचपले. पेन्सिल नव्हती, मोबाइलच्या डब्यांवर लिहायचा काळा मार्कर होता. वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली त्याने तारीख घातली, "कंडेन्सर 2, आरएफ मॉड्यूलेटर" असं लिहिलं आणि पुढे 450 हा आकडा. त्याच्या वडिलांनी पैसे कधी लिहिले नव्हते. आईने सहाशे दिले, तर त्याने दीडशे परत केले आणि आवाजाचं बटण खरखरतंय, ते रविवारी येऊन बघतो, असं सांगून गेला.